स्काय म्हणजे आकाशी नव्हे: स्पिटफायरच्या पोटाच्या रंगामागची गोष्ट

१९४० च्या स्पिटफायरचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं, मॉडेल जोडून झालं, सांध्यांत लांबी भरून घासून झाली, वरच्या बाजूला मातकट आणि गडद हिरव्याचे पट्टे चढले, की हात थबकतो तो विमानाच्या पोटाशी. सूचनापत्रकात तिथे एकच शब्द असतो, ‘स्काय’. आपण साहजिकच आकाशी रंगाची डबी उचलतो आणि तिथेच फसतो. हा रंग आकाशी नाही. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर तो फिका पिस्ता, त्यात थोडी राख कालवल्यासारखा.

छंदाचा जुना इतिहास थोडक्यात. १/७२ हे माप ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात लाकडी संचांतून रुळलं. एक इंच म्हणजे सहा फूट, असा सोपा हिशेब. पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत ३६ फूट १० इंच असलेलं स्पिटफायर या मापात साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास येतं. १९३६ मध्ये याच मापाचे प्लास्टिकचे संच निघाले, पण ते सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे होते आणि काळानुसार वाकडे होत. युद्धात विमानं ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी मॉडेलं लागू लागली. अमेरिकेत १९४२ मध्ये त्यासाठी शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी मॉडेलं करून घेण्याची मोहीम निघाली. त्या मॉडेलांना काळा रंग दिला की काम भागत असे, कारण पाहायचा होता फक्त आकार. पुढे १९५० च्या दशकात पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचं स्पिटफायर पिशवीत घालून दोन शिलिंगांना मिळू लागलं. तेव्हाही रंगाचा काटेकोरपणा कुणाच्या गावी नव्हता.

‘स्काय’ची सुरुवात लढाऊ विमानांपासून झालीच नाही. १९३९-४० मध्ये लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावरून ब्रिटिशांची एक गुप्त छायाचित्रण तुकडी उडत असे. असं सांगितलं जातं की, हेस्टनवरून उडालेलं जोधपूरच्या महाराजांचं खासगी विमान बघता बघता दिसेनासं झालं, आणि ते तुकडीच्या प्रमुखाच्या नजरेत भरलं. ते विमान फिक्या हिरवट रंगाचं होतं. त्यानं तसाच रंग बनवून घेतला आणि त्याला ‘कॅमोटिंट’ असं नाव दिलं. राजस्थानातल्या एका संस्थानिकाच्या विमानाची आठवण इंग्लंडच्या लढाऊ विमानांच्या पोटाशी जाऊन बसते, ही गोष्ट मला फार प्रिय आहे.

तोवर ब्रिटिश लढाऊ विमानांचं पोट अर्धं काळं आणि अर्धं पांढरं असे. डावा पंख काळा, उजवा पांढरा. आपलं विमान कोणतं हे जमिनीवरच्या निरीक्षकांना आणि तोफांवरच्या माणसांना चटकन कळावं, हा हेतू. फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्याची माघार आटोपते न आटोपते तोच, जून १९४० च्या सुरुवातीला हुकूम निघाला: पोटाला ‘स्काय टाइप एस’ द्या. गोंधळाची सुरुवात इथे झाली. या ‘एस’चा छटेशी काहीच संबंध नव्हता. तो फक्त रंगाचा थर गुळगुळीत असावा एवढंच सांगत होता. शिवाय सरकारी यादीत ‘स्काय ब्लू’ आणि ‘स्काय ग्रे’ हे आणखी दोन वेगळे रंग होतेच. तुकड्यांनी विचारणा केली की हा नेमका कोणता रंग, तर उत्तरादाखल बदकाच्या अंड्याची उपमा आली. कुठे अंड्याचा निळा, कुठे निळसर हिरवा. आता बदकाची अंडी कधी पांढरी असतात, कधी निळसर, कधी हिरवट. ज्यानं जे अंडं पाहिलं होतं, त्यानं तो रंग मनात धरला.

त्यात तयार रंगाचा पुरवठा अपुरा. लढाई तोंडावर आलेली, विमानं थांबवून ठेवता येत नव्हती. मग हाताशी असलेल्या पांढऱ्यात, निळ्यात, पिवळ्यात जमेल तशी भर घालून तळांवरच छटा तयार झाल्या. एकाच तळावर शेजारी उभ्या असलेल्या दोन विमानांची पोटं वेगळी दिसावीत, इतका फरक सहज शक्य होता.

म्हणून १९४० च्या उन्हाळ्यातल्या स्पिटफायरसाठी ‘हीच एक बरोबर छटा’ असा हट्ट मला पटत नाही. पुरावा तरी काय आहे? फोटो बहुतेक काळेपांढरे, आणि त्यांत फिका निळा व फिका हिरवा एकाच राखाडीत मिसळून जातात. उत्खननात निघालेल्या पत्र्यांवरचा रंग मातीत आणि तेलात मुरून बदललेला असतो. ब्रिटिश मानकांच्या रंगतक्त्यातला २१० क्रमांकाचा ‘स्काय’ नेमका आहे यात शंका नाही. पण तक्त्यातली चकती म्हणजे घाईत फवारलेला थर नव्हे.

मॉडेलच्या रंगांनी हा गुंता आणखी वाढवला. ब्रिटिश इनॅमलच्या छोट्या डब्यांत २३ क्रमांकावर ‘डक एग ब्लू’ असं लिहिलेलं, आणि स्कायच्या खऱ्या जवळ जाणारा ९० क्रमांक मात्र ‘बेज ग्रीन’ या नावानं विकला जाई. नावावर भरवसा ठेवणाऱ्या अनेकांनी वर्षानुवर्षं पोटं निळी रंगवली. नंतर आलेल्या एका जपानी अ‍ॅक्रिलिकच्या बाटलीवर ‘स्काय’ हे नाव सरळ छापलेलं आहे, पण तो रंग मला जरुरीपेक्षा हिरवट वाटतो. थोडा पांढरा घालून घेतला की बरा दिसतो.

१९७० नंतर १/४८ मापाचे जपानी संच, पुढे उठावाच्या रेघांऐवजी कोरलेल्या रेघा, रेझिनची आसनं, पितळेच्या पत्र्यातून काढलेले आसनांचे पट्टे, आता त्रिमितीय छपाई. आकार जसजसा अचूक होत गेला, तसतसा चुकलेला रंग जास्त खटकू लागला.

पुन्हा खऱ्या विमानांकडे वळू. १९४० च्या अखेरीस चित्र पुन्हा बदललं. नाकाडाच्या टोपणाला आणि शेपटीजवळच्या १८ इंची पट्ट्याला स्काय आला, आणि डावा पंख खालून पुन्हा काही महिने काळा झाला. १/७२ मध्ये तो पट्टा बरोबर पाव इंचाचा. ऑगस्ट १९४१ पासून मातकट रंगाच्या जागी करडा आला आणि पोटही करडं झालं. स्काय उरला तो टोपणावर आणि त्या पट्ट्यात.

ब्रह्मदेश आघाडीवर तर तोही गेला. तिथे वर मातकट-हिरवाच राहिला, पोट करडं, आणि पुढे ओळखीसाठी पांढरे पट्टे आले. जपानी लाल सूर्याशी गल्लत होऊ नये म्हणून विमानावरच्या ब्रिटिश ओळखचिन्हाच्या वर्तुळातला लाल ठिपका काढला होता. भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या तुकडीला १९४४ मध्ये ‘स्पिटफायर ८’ या आवृत्तीची विमानं मिळाली, ती याच आघाडीसाठी. ते विमान करायला घेतलं, तर स्कायची डबी उघडावीच लागत नाही.