स्मृतिभ्रंश आणि मंदावलेली ज्ञानेंद्रिये

स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया झालेल्या अनेक वृद्धांना ऐकूही कमी येते किंवा त्यांची नजर अधू झालेली असते. कित्येकांच्या वाट्याला दोन्ही येते. अशा वेळी एक उणीव दुसरीला झाकते. प्रश्न नीट ऐकूच न आलेला माणूस भलतेच उत्तर देतो आणि घरचे म्हणतात, विसरले. उलट, ‘त्यांना आता काही कळत नाही’ असे एकदा ठरले की कानात साचलेला मळ किंवा पिकलेला मोतीबिंदू तपासायचा राहून जातो. खरे तर या दुखण्यात हमखास उपाय असलेला भाग बहुधा तेवढाच असतो.

निदानातही घोटाळा होतो. शब्द ऐकून लक्षात ठेवा, घड्याळ काढून दाखवा, अशा चाचण्या कान-डोळे शाबूत आहेत असे धरूनच चालतात. म्हणून स्मरण आणि विचारशक्ती तपासणाऱ्या ‘मोका’ या चाचणीच्या अंध आणि कर्णबधिर व्यक्तींसाठी वेगळ्या आवृत्त्या आहेत. नसलेली माणसे दिसू लागली म्हणजे मेंदूच बिघडला, असेही नाही. दृष्टी फार मंदावलेल्या आपल्या आजोबांना दिसणारी अशी चित्रे शार्ल बोने या स्विस निसर्गअभ्यासकाने 1760 मध्ये नोंदवली. आजोबांची बुद्धी शाबूत होती. लुई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशातही भास होतात, त्यामुळे औषध सुरू करण्याआधी डोळे तपासून घेणे शहाणपणाचे.

श्रवणयंत्र घेऊन देणे सोपे, ते रोज कानात राहणे अवघड. यंत्र रुमालात गुंडाळून ठेवले जाते, बॅटरी संपल्याचे सांगता येत नाही, चष्मा दुसऱ्याचाच लावला जातो. आजाराच्या सुरुवातीलाच सवय लावली तर ती टिकण्याची शक्यता जास्त. पुढे मात्र सकाळी यंत्र लावून देणारे आणि चष्मा पुसणारे कोणीतरी लागतेच. उतारवयात आधी उच्च पट्टीचे आवाज जातात, ‘स’, ‘श’ पुसट होतात; ओरडल्याने ते स्पष्ट होत नाहीत, फक्त बोलणारा रागावल्यासारखा वाटतो. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड घेऊन, टीव्ही बंद करून छोटी वाक्ये बोलावीत.

गडद पायपुसणे खड्ड्यासारखे भासते आणि पाय अडतो. पांढऱ्या ताटातला भात दिसत नाही म्हणून तो तसाच राहतो, नोंद मात्र ‘भूक मंदावली’ अशी होते. पाठीमागून येऊन एकदम हात लावला तर माणूस दचकतो, कधी मारायलाही धावतो.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या 14 जोखीम-घटकांत श्रवणदोष आणि उपचार न झालेला दृष्टिदोष हे दोन्ही धरले आहेत. 70 ते 84 वयाच्या 977 जणांवरील, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्रवणयंत्राने सरसकट फरक पडला नाही. जोखीम जास्त असलेल्या गटात मात्र तीन वर्षांतली बौद्धिक घसरण मंदावली. हे सहभागी स्मृतिभ्रंश नसलेले होते, त्यामुळे आजार जडल्यावरही तसेच घडेल असा अर्थ यातून काढता येत नाही.