हरितगृह वायू आणि घडवलेले जीवाणू : एका कल्पनेची पार्श्वभूमी

जीवाणूंच्या जनुकांत फेरफार करून हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करता येईल, ही कल्पना आता प्रयोगशाळेतून बाहेर पडून गुंतवणूकदार, पोलाद कारखाने आणि शेतीच्या निविष्ठा विकणाऱ्या कंपन्या यांच्यापर्यंत पोहोचली आहे. तिच्याविषयी लिहिताना सुरुवात बहुधा जनुकांपासून होते. पण या विषयाचा इतिहास जनुकीय अभियांत्रिकीहून पुष्कळ जुना आहे, आणि त्यात एकच प्रश्न पुन्हापुन्हा पुढे आलेला दिसतो : जीवाणूला तो वायू कुठे मिळणार, किती दाट मिळणार आणि तो पचवण्यासाठी लागणारी ऊर्जा कुठून येणार? जिथे या प्रश्नाचे उत्तर सोपे होते तिथे काम पुढे गेले. जिथे ते सोपे नव्हते तिथे जनुकीय कौशल्य कितीही मोठे असले तरी काम अडून राहिले.

नोव्हेंबर १७७६ मध्ये इटलीतील माज्जोरे सरोवराच्या दलदलीत अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी तळचा गाळ ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि तो वायू पेटतो हे दाखवले. आज आपण त्याला मिथेन म्हणतो. दलदली, भातखाचरे, गुरांची पोटे असा सगळीकडे तयार होणारा हा वायू हवेत मात्र अत्यल्प असतो. म्हणजे तो वाटेतच कुणीतरी खात असले पाहिजे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायरिंक यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोन्गेन यांनी १९०६ मध्ये केवळ मिथेनवर वाढणारा जीवाणू वेगळा काढला आणि त्याला ‘बॅसिलस मिथॅनिकस’ हे नाव दिले. त्यानंतर मात्र या विषयाकडे फारसे कुणी वळले नाही. १९७० मध्ये व्हिटनबरी, फिलिप्स आणि विल्किन्सन यांनी असे शंभराहून अधिक जीवाणू वेगळे करून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा हा जगभर पसरलेला मोठा समूह आहे हे ध्यानात आले.

या जीवाणूंचे सामर्थ्य मिथेन मोनोऑक्सिजनेज या एका विकरात, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनात, आहे. मिथेनच्या रेणूतील कार्बन आणि हायड्रोजन यांचा बंध इतका पक्का असतो की तो तोडण्यासाठी रासायनिक कारखान्यांना मोठे तापमान आणि दाब वापरावा लागतो. हे विकर मात्र साध्या तापमानाला ऑक्सिजनचा एक अणू त्या बंधात बसवून मिथेनचे मिथेनॉल करते. त्याची दोन रूपे आहेत. एक पेशीद्रवात मोकळे असते आणि त्याच्या केंद्रस्थानी लोह असते. दुसरे पेशीतील पटलात रुतलेले असते आणि त्याला तांबे लागते. भोवती तांबे किती आहे हे पाहून काही जीवाणू यांपैकी कोणते रूप बनवायचे ते ठरवतात. हे विकर उचलून प्रयोगशाळेतील नेहमीच्या ‘ई. कोलाय’ जीवाणूत बसवावे, हा मोह संशोधकांना साहजिकच पडला. पण त्यात, विशेषतः पटलातल्या रूपाच्या बाबतीत, कित्येक दशके समाधानकारक यश आले नाही. निसर्गाने तयार ठेवलेले यंत्र आपल्या सोयीच्या पेशीत हलवणे वाटते तितके सोपे नसते, हा या क्षेत्रातला पहिला मोठा धडा होता.

वायूपासून बनलेल्या कच्च्या मालावर जगणाऱ्या जीवाणूत प्रत्यक्ष जनुकीय बदल करण्याचा एक अगदी सुरुवातीचा औद्योगिक प्रयत्न हवामानासाठी नव्हताच, पशुखाद्यासाठी होता. ब्रिटनमधील आयसीआय ही रसायन कंपनी बिलिंगहॅम येथे नैसर्गिक वायूपासून केलेल्या मिथेनॉलवर ‘मिथायलोफिलस मिथायलोट्रोफस’ हा जीवाणू वाढवून त्याची प्रथिनयुक्त भुकटी ‘प्रुटीन’ या नावाने विकू पाहत होती. या जीवाणूला अमोनिया पेशीत सामावून घेताना प्रत्येक रेणूमागे थोडी ऊर्जा खर्च करावी लागे आणि त्या ऊर्जेपायी काही मिथेनॉल जळून कार्बन डायऑक्साइड म्हणून निघून जाई. ई. कोलायजवळ हेच काम त्या खर्चाशिवाय करणारे एक विकर आहे. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याचे जनुक आपल्या जीवाणूत बसवले, मूळची खर्चिक वाट बंद केली आणि १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : तेवढ्याच मिथेनॉलमधून काही टक्के अधिक कार्बन पेशीत राहू लागला. कार्बन हवेत न सोडता पेशीत अडवण्यासाठी चयापचयाची वाट बदलणे, ही आजच्या सगळ्या कामांमागची युक्ती इथे पूर्णपणे आलेली आहे, म्हणून मला हा प्रयोग त्याच्या आकड्यांहून फार महत्त्वाचा वाटतो. प्रुटीन मात्र सोयाबीनच्या पेंडीपुढे भावात टिकले नाही आणि तो उद्योग बंद पडला.

दरम्यान, घडवलेले जीवाणू उघड्यावर सोडावेत का, हा वेगळाच वाद उभा राहिला होता. कोहेन आणि बॉयर यांनी १९७३ मध्ये एका जीवाचे जनुक जीवाणूत घालून दाखवल्यानंतर दोनच वर्षांत, १९७५ साली, कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे शास्त्रज्ञांनी स्वतःहून अशा प्रयोगांवर बंधने घालून घेतली. बंगालमधून अमेरिकेत गेलेले आनंदमोहन चक्रवर्ती यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना अनेक प्लाझ्मिडे (जीवाणूतील डीएनएची छोटी स्वतंत्र वर्तुळे) एकत्र आणून खनिज तेलाचे घटक पचवणारा जीवाणू तयार केला होता. १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याला पेटंट देता येते असा निकाल दिला. सजीवावर पेटंट मिळाल्यामुळे या क्षेत्रात पैसा आला. तो जीवाणू मात्र समुद्रातील तेलगळतीवर कधीच सोडला गेला नाही. पिकावर दव गोठू न देणारा, एक जनुक काढून टाकलेला जीवाणू एप्रिल १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील ब्रेंटवुड येथे स्ट्रॉबेरीच्या शेतात रीतसर परवानगीने फवारला गेला. त्याआधी कार्यकर्त्यांनी शेतात शिरून रोपे उपटली होती, आणि फवारणी करणारी व्यक्ती अंगभर संरक्षक पोशाख घालून उभी असल्याची छायाचित्रे सर्वत्र पोहोचली. त्या छायाचित्रांनी लोकांच्या मनात जी भीती बसवली ती पुढच्या अनेक वर्षांच्या धोरणांत दिसते. भारतात पर्यावरण संरक्षण कायद्याखाली डिसेंबर १९८९ मध्ये जनुकीय फेरफार केलेल्या सूक्ष्मजीवांसाठी स्वतंत्र नियम आले, आणि असा जीवाणू पर्यावरणात सोडायचा तर केंद्रीय समितीची मान्यता घेणे बंधनकारक झाले. त्यामुळे पुढचे बहुतेक काम बंद टाकीत गेले, आणि वायूच्या दृष्टीने पाहता टाकी ही सोयीचीच जागा ठरली.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पोलाद कारखान्यांच्या धुराड्याशी सापडते. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. हा वायू दाट आहे, एका जागी मिळतो आणि त्याच्यात स्वतःची ऊर्जाही आहे, म्हणजे वर म्हटलेल्या प्रश्नाचे तिन्ही भाग इथे सुटतात. बेल्जियममध्ये १९९४ साली सशाच्या विष्ठेतून वेगळा काढलेला ‘क्लॉस्ट्रिडियम ऑटोइथॅनोजेनम’ हा जीवाणू या वायूपासून इथेनॉल बनवतो. २००५ मध्ये न्यूझीलंडमध्ये स्थापन झालेल्या लान्झाटेक कंपनीने तो हाती घेतला, आणि २०१८ मध्ये चीनमधील शौगांग या पोलाद समूहाच्या आवारात व्यापारी प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. या कारखान्यातील जीवाणू जनुके घालून नव्हे तर निवड करत करत सुधारलेला होता, हे मुद्दाम नोंदवायला हवे. शिवाय ते इथेनॉल इंधन म्हणून जळले की त्यातला कार्बन पुन्हा हवेत जातो. फायदा होतो तो एकच कार्बन दोनदा वापरल्याचा.

जनुकीय कामाचा भाग त्यानंतर आला. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी ॲसिटोन कमी पडले तेव्हा खाइम वाइझमन यांनी पिष्टापासून ॲसिटोन बनवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम जीवाणूची किण्वनपद्धत ब्रिटनला दिली होती. त्या काळापासून जमत गेलेल्या औद्योगिक जीवाणूंच्या जुन्या संग्रहातून लान्झाटेक आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ यांच्या संशोधकांनी ॲसिटोनची जनुके निवडली, ती वायुभक्षी क्लॉस्ट्रिडियममध्ये बसवली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे या वाटेने एक किलो ॲसिटोन बनवताना १.७८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन निव्वळ अडवला जातो, तर नेहमीच्या खनिज तेलाच्या वाटेने उत्सर्जन होते. हे आकडे चाचणी संयंत्राच्या पातळीवरचे आहेत.

वाइझमन यांचेच नाव असलेल्या इस्रायलमधील संस्थेत रॉन मिलो यांच्या गटाने २०१९ मध्ये त्याहून धाडसी गोष्ट केली. साखरेवर जगणाऱ्या ई. कोलायला त्यांनी आपल्या शरीरातला सगळा कार्बन कार्बन डायऑक्साइडमधून घ्यायला लावले. त्यासाठी वनस्पती ज्या चक्राने कार्बन डायऑक्साइड बांधतात त्यातली विकरे घातली, साखरेची नेहमीची वाट तोडली आणि सुमारे दोनशे दिवस त्याला उपासमारीच्या परिस्थितीत उत्क्रांत होऊ दिले. वर्तमानपत्रांतून हे काम ‘हवेतला कार्बन खाणारा जीवाणू’ म्हणून गाजले, आणि तो उल्लेख दिशाभूल करणारा होता. या जीवाणूला हवेऐवजी १० टक्के कार्बन डायऑक्साइड असलेले वातावरण लागत होते, संख्या दुप्पट होण्यास सुमारे १८ तास लागत होते, आणि ऊर्जेसाठी दिलेले फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचा क्षार) जाळताना तो जेवढा कार्बन डायऑक्साइड घेई त्याहून अधिक सोडत होता. संशोधकांनी हे स्वतःच स्पष्ट लिहिले होते. ऊर्जेचा प्रश्न टाळून कार्बनचा प्रश्न सुटत नाही, हे या प्रयोगाने इतके स्वच्छ दाखवले की त्याचे खरे मोल मला त्यातच दिसते.

उघड्या शेतातले काम नायट्रस ऑक्साइडच्या निमित्ताने पुन्हा सुरू झाले. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो, आणि माणसामुळे होणाऱ्या त्याच्या उत्सर्जनाचा मोठा भाग शेतातील नत्रखतांतून, मातीतील जीवाणूंच्या हातून तयार होतो. मुळांशी राहून हवेतला नत्र स्थिर करणारे जीवाणू भोवती अमोनिया भरपूर असला की आपले काम थांबवतात. पिव्हॉट बायो या अमेरिकी कंपनीने मक्याच्या मुळांवरील अशा जीवाणूंतली ही थांबवणारी कळ संपादित करून काढली, म्हणजे नत्रखत कमी घालून चालावे, आणि २०१९ पासून ते तिथल्या शेतकऱ्यांना विकायला सुरुवात केली. यात परक्या जीवाचे जनुक घातलेले नसल्यामुळे १९८७ सारखा गदारोळ झाला नाही. नॉर्वेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेले काम आणखी निराळे आहे. त्यांनी नायट्रस ऑक्साइडचे निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये रूपांतर करणारा जीवाणू निसर्गातूनच शोधला, बायोगॅस संयंत्राच्या मळीत तो वाढवला आणि तीच मळी खत म्हणून शेतात घातली. मातीच्या प्रकारानुसार उत्सर्जन ५० ते ९५ टक्क्यांनी घटले. घडवण्याआधी शोधावे, ही शिस्त इथे फळाला आली.

मिथेनच्या बाबतीत निकड सर्वांत मोठी आहे, कारण वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो आणि हवेत जेमतेम बारा वर्षे टिकतो, त्यामुळे त्याच्या कपातीचा परिणाम लवकर दिसतो. अडचण दाटपणाची आहे. हवेत दशलक्ष भागांत मिथेनचे भाग दोनपेक्षाही कमी असतात. कचराभूमी, कोळसा खाणींचे वायुवीजन, गुरांचे बंद गोठे येथे हे प्रमाण काहीशे ते काही हजार भागांपर्यंत जाते, आणि प्रयोगशाळेतल्या बहुतेक मिथेनभक्षी जीवाणूंना तेवढ्यावर नीट वाढता येत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात मेरी लिडस्ट्रॉम यांच्या गटाने रशियातील बुर्यातिया भागातल्या सोडा सरोवरांतून आलेल्या ‘मिथायलोट्युविमायक्रोबियम बुर्यातेन्स’ या जातीचा एक वाण दशलक्षात ५०० भाग मिथेनवरही चांगला वाढतो, असे २०२३ मध्ये दाखवले. त्याच्या जनुकांत बदल करण्याची साधनेही उपलब्ध आहेत, त्यामुळे सुधारणेला वाव आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत भातखाचरांतील मिथेनभक्षी जीवाणूंचा संग्रह उभा राहिला आहे. तिथे वेगळा काढलेला, काकडीच्या आकाराचा ‘मिथायलोक्युक्युमिस ओरायझी’ हा २०१८ मध्ये संपूर्ण नवी प्रजाती (जातीहून वरचा गट, इंग्रजीत ‘जीनस’) म्हणून वर्णिला गेला. भातखाचरातल्या या जीवाणूंत पुढे जनुकीय बदल केले आणि ते शेतात सोडायचे ठरले, तर त्यांना १९८९ च्या नियमांखालील परवानगी लागेल. जसेच्या तसे वापरायचे असतील, तर जनुकीय फेरफाराचा तो अडसर येत नाही.