लस, सही आणि शेजारचं तान्हं बाळ

सिस्टरांनी गोवर-रुबेलाच्या कुपीत द्रावण सोडलं, कुपी हलकेच फिरवली आणि तिच्यावर पेनाने वेळ लिहिली: ११:२०. एकदा विरघळवली की ही लस फक्त चार तास चालते. त्यानंतर कुपीत कितीही डोस उरले असले तरी ते टाकून द्यायचे. म्हणून त्यांचं लक्ष सारखं दाराकडे होतं, कारण यादीतली दोन बाळं अजून यायची होती. मी नऊ महिन्यांच्या भाचीला मांडीवर घेऊन बाकावर बसलो होतो. शेजारी बसलेल्या एका तरुण बापाने विचारलं, "सिस्टर, हा डोस नाही दिला तर शाळेत घेणार नाहीत का?"

"घेतील की दादा. सक्ती कुठे आहे?" असं म्हणून त्या पुढचं कार्ड भरायला लागल्या.

त्यांचं म्हणणं खरं होतं. १९८५ पासून आपल्याकडे सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम चालू आहे आणि लस मोफत मिळते, पण ती घेतलीच पाहिजे असा देशव्यापी कायदा नाही. इतर काही देशांत तो आहे, आणि त्यावरून दीडशे वर्षांहून जास्त काळ भांडण चालू आहे. मूल आई-बापाचं, मग सुई टोचायचा हुकूम सरकारने का द्यावा? या प्रश्नाचं उत्तर आजारागणिक बदलतं, असं मला वाटतं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. ती लस नाकारली तर धोका पत्करावा लागतो तो आपल्याच लेकराला. गोवराचं तसं नाही.

हा फरक नीट कळायला इंग्लंडमधल्या लेस्टर शहराची गोष्ट उपयोगी पडते.

१८५३ च्या कायद्याने तिथे बाळ तीन महिन्यांचं व्हायच्या आत त्याला देवीची लस टोचणं सक्तीचं केलं. १८६७ पासून तर एकाच मुलासाठी पुन्हा पुन्हा दंड होऊ लागला. पैसेवाले दंड भरून मोकळे व्हायचे. विणकाम आणि जोडे बनवण्याच्या कारखान्यांतल्या मजुरांच्या घरातलं सामान मात्र लिलावात जायचं, नाहीतर बापाला तुरुंगात जावं लागायचं. टोचण्याची रीतही आज अंगावर काटा आणणारी होती. आठ दिवसांनी बाळाला परत आणायचं, त्याच्या दंडावरच्या फोडातली लस काढायची आणि ती दुसऱ्या बाळाला टोचायची. आपल्याकडेही हीच रीत होती. मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. तिच्याच दंडावरची लस पुढे इतरांना दिली गेली आणि तिथून ती देशभर पसरली. त्या काळी दुसरा उपाय नव्हता. पण या दंडावरून त्या दंडावर लस नेताना उपदंशासारखा (सिफिलिस) गुप्तरोगही सोबत जाऊ शकतो, ही पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती. तेव्हाच्या विरोधकांना सरसकट अडाणी म्हणणं मला पटत नाही.

मार्च १८८५ मध्ये लेस्टरला प्रचंड मोर्चा निघाला. लोक लहान मुलाची शवपेटी घेऊन चालले होते आणि लसीचा जनक एडवर्ड जेन्नर याचा पुतळा त्यांनी फासावर चढवला. अखेर १८९८ च्या कायद्याने सदसद्विवेकबुद्धीला पटत नसेल तर सूट मागण्याची मुभा दिली आणि दंडावरून दंडावर लस टोचणंही बंद केलं. लेस्टरने तोवर स्वतःची वेगळी पद्धत बसवली होती. रोगी सापडला की लगेच कळवायचं, त्याला वेगळ्या इस्पितळात हलवायचं आणि घरच्यांना काही दिवस अलग ठेवायचं. रोग्यांच्या सेवेतली माणसं मात्र लस घेतलेली असत. या पद्धतीने देवीची साथ बऱ्यापैकी आटोक्यात राहिली.

लसीला नकार देणारे आजही लेस्टरचं उदाहरण देतात. पण तिथे जमलं ते देवीच्या स्वभावामुळे. देवीचा रोगी मुख्यतः ताप येऊन पुरळ उठल्यावर रोग पसरवतो, म्हणजे तोपर्यंत तो अंथरुणाला खिळलेला असतो आणि ओळखूही येतो. गोवर मात्र अंगावर निघण्याच्या चार दिवस आधीपासून पसरायला लागतो. तेव्हा मुलाला नुसती सर्दी, खोकला, ताप असतो आणि ते शाळेत, बाजारात, लग्नघरात फिरत असतं. ते खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. "गोवर निघालाच तर घरी ठेवू की," असं सांगणाऱ्या आई-बापांची नियत चांगली असते, पण तोवर चार दिवस हातचे गेलेले असतात.

आता थोडा हिशोब. कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रोगी साधारण १२ ते १८ जणांना आजारी पाडतो. आपण १५ धरू. साथ विझायची तर या १५ मधल्या १४ जणांपाशी येऊन विषाणूची वाट बंद झाली पाहिजे. म्हणजे शंभरातल्या ९३ जणांना संरक्षण हवं. दोन डोस घेऊनही शंभरातल्या दोन-तीन जणांत ते तयार होत नाही, म्हणून ९५ टक्के लसीकरणाचा आग्रह धरला जातो. लस नाकारायला जागा उरते ती एवढीशी. आणि नकार सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एकमेकांचं ऐकून एकाच शाळेतले, एकाच गल्लीतले पालक लस नाकारतात, आणि राज्याचा आकडा छान दिसत असतानाही साथ तिथे पेट घेते.

लस न घेतलेल्यांत एक गट असा आहे, ज्याला कुणी मर्जी विचारलेलीच नाही. तो म्हणजे तान्ही बाळं. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं (रोगाशी लढणाऱ्या अँटीबॉडीज) पहिले काही महिने बाळाच्या रक्तात असतात. लसीतला जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू ती मारून टाकतात, म्हणून फार लवकर दिलेली लस नीट लागत नाही. आपल्याकडे पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, अमेरिकेत वर्ष झाल्यावर. आईची शिदोरी संपत आलेली आणि लस अजून मिळायची असलेली अशी काही आठवडे-महिन्यांची फट प्रत्येक बाळाच्या वाट्याला येते. तेवढ्या काळात त्याला राखणारं दुसरं काही नसतं, असते ती फक्त आजूबाजूच्या मुलांनी घेतलेली लस.

डिसेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये गोवर पसरला. सुरुवातीच्या तपासात त्या राज्यातल्या ११० रोग्यांपैकी ४९ जणांनी लस घेतलेली नव्हती. त्यांतली १२ होती लसीचं वय न झालेली बाळं. लस घेता आली असती अशा ३७ जणांपैकी २८ जणांनी ती वैयक्तिक मतामुळे जाणूनबुजून टाळली होती. ही १२ बाळं डोळ्यांपुढे आणली की 'माझं मूल, माझी मर्जी' हे वाक्य मला अपुरं वाटायला लागतं.

त्या राज्यात शाळाप्रवेशासाठी लस लागायचीच, पण फॉर्मवर पालकांनी एक सही केली की सूट मिळायची. धावपळीतल्या कित्येक घरांना दवाखान्याची फेरी मारण्यापेक्षा ती सही सोपी पडत असणार. २०१४ पासून आधी आरोग्य कर्मचाऱ्याशी बोलून त्याचीही सही आणण्याची अट आली, आणि तेवढ्यानेही सूट मागणारे कमी झाले. मग २०१५ मध्ये कायदा झाला आणि २०१६ पासून वैयक्तिक मताची सूटच गेली. बालवाडीत येणाऱ्या मुलांतलं पूर्ण लसीकरण २०१४-१५ मध्ये ९०.४ टक्के होतं, ते २०१६-१७ मध्ये ९५.६ वर पोचलं. यातली काही वाढ कायदा लागू होण्याआधीच, साथीच्या धास्तीने आणि शाळांनी कागदपत्रं नीट तपासल्याने झाली होती. सक्तीने एक पळवाटही उघडली. वैद्यकीय कारणाची सूट ०.२ टक्क्यांवरून ०.७ वर गेली, आणि तिला आळा घालायला २०१९ मध्ये आणखी एक कायदा करावा लागला.

"आम्हालाही गोवर झाला होता, काय बिघडलं?" असं आपल्याकडची मोठी माणसं सहज म्हणतात. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर रोगांविरुद्ध त्यांच्या शरीराने आधी कमावलेली प्रतिपिंडं गोवरानंतर ११ ते ७३ टक्क्यांनी घटलेली आढळली. म्हणजे गोवर बरा होऊन जातो, पण जाताना बाकीच्या आजारांची दारं उघडी टाकून जातो.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली आणि गोवंडीच्या दाट वस्तीत मुलं दगावली. कोविडच्या काळात डोस चुकले होते, कामासाठी घरं बदलली होती, काहींच्या मनात भीतीही होती. साथ जोरात असलेल्या भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस देण्याची वेळ आली. अशा ठिकाणी सक्तीचा कायदा आणून काय साधलं असतं? शाळेचं दार बंद झालं असतं, तेही ज्यांच्यापर्यंत सरकार आधी पोचलंच नाही अशा मुलांसाठी. पोलिओ आपण दारोदार जाऊन, बोटावर खूण करत घालवला. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा आपला शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला.

गोवराच्या बाबतीत शाळेत लसीकरणाचं कार्ड मागण्याचा हक्क समाजाला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण कार्ड नसलेल्या मुलाला परत न पाठवता तिथेच लस द्यायला हवी. रोजंदारीवरच्या आईला कामाचा खाडा न करता येता येईल अशा वेळी सत्र हवं. आणि ज्याच्या मुलाला लसीचा क्वचित होणारा गंभीर त्रास झाला, त्याची जबाबदारी सक्ती करणाऱ्या सरकारने उचललीच पाहिजे. अमेरिकेने त्यासाठी १९८६ मध्येच भरपाईचा कायदा केला.

त्या दिवशी डोस दिल्यावर सिस्टरांनी भाचीच्या आईला सगळं समजावलं: कुठली लस दिली, ताप आला तर काय करायचं, पुढचा डोस कधी, आणि कार्ड जपून ठेवा. शेजारचा तरुण बापही मान पुढे करून ऐकत होता. मग त्याने आपल्या मुलाच्या स्वेटरची बाही काढली. आम्ही अर्धा तास थांबून निघालो, तोवर यादीतल्या दोन बाळांपैकी एक आलं होतं. सिस्टर आशाताईंना फोनवर सांगत होत्या, "त्या दुसऱ्या बाळाची आई माहेरी गेलीये की घरीच आहे, जरा बघून ये. कुपी तीन-वीसपर्यंत चालेल."