विद्युत अपघटनी पदार्थांचे वर्गीकरण

पाण्यात विरघळलेला पदार्थ किती प्रमाणात आयनांत (विद्युतभारित कणांत) विभागतो आणि त्यामुळे द्रावण वीज किती वाहते, यावरून पदार्थांचे केलेले वर्गीकरण. नेहमीचे वर्ग तीन : प्रबल विद्युत अपघटनी (मीठ, कॉस्टिक सोडा, हायड्रोक्लोरिक आम्ल), दुर्बल विद्युत अपघटनी (ॲसेटिक आम्ल, अमोनिया, बोरिक आम्ल) आणि विद्युत अनपघटनी (साखर, युरिया, अल्कोहोल, ग्लिसरीन).

जुन्या मराठी परिभाषेत ‘विद्युत् विच्छेद्य’ असा शब्द होता; शालेय पुस्तकांमुळे आता ‘अपघटनी’ रुळला आहे. शाळेत तीव्र आणि सौम्य आम्ल असे म्हणतात. मात्र बोलताना ‘सौम्य’ म्हणजे पाणी घालून पातळ केलेले असा अर्थ घेतला जातो आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. पाणी घातल्याने हायड्रोक्लोरिक आम्ल विरल होते, दुर्बल होत नाही. म्हणून या नोंदीत प्रबल-दुर्बल हे शब्द विचरणासाठी (आयनांत विभागण्यासाठी) आणि संहत-विरल हे प्रमाणासाठी वापरले आहेत. ‘क्षार’ हा शब्द रासायनिक अर्थाने, म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून होणारा पदार्थ, असा घेतला आहे. ‘विहिरीला क्षार आहे’ म्हणताना शेतकऱ्याच्या मनात पाण्यातले एकूण विरघळलेले घटक असतात.

मोजायचे काय : मीटरवर दिसते ती द्रावणाची वाहकता. तिच्यावरून थेट वर्ग ठरत नाही, कारण पदार्थ जास्त टाकला की ती वाढते. वर्ग ठरवण्यासाठी वाहकतेला प्रमाणाने भागून मोलर वाहकता काढतात आणि द्रावण विरल करत नेल्यावर ती कशी बदलते हे पाहतात. २५° से. ला ०.१ मोल प्रति लिटर मिठाच्या द्रावणाची मोलर वाहकता सुमारे १०७ (एकक सीमेन्स-सेंमी² प्रति मोल) असते. द्रावण शंभरपट विरल केले की ती १२४ पर्यंत जाते, म्हणजे वाढ थोडीच. ॲसेटिक आम्लाची तेवढ्याच विरलनात ५.२ वरून सुमारे ४९ होते. प्रबल पदार्थाचा आलेख प्रमाणाच्या वर्गमुळासमोर मांडला तर विरल भागात जवळजवळ सरळ रेषा येते आणि ती शून्य प्रमाणापर्यंत वाढवता येते. दुर्बल पदार्थाची रेषा शेवटी एकदम उभी चढते, ती वाढवून काही हाती लागत नाही. तेव्हा प्रत्येक आयनाचा वाटा स्वतंत्र असतो या कोलराउश यांच्या नियमाने शून्य प्रमाणाची मोलर वाहकता आडवळणाने काढतात : हायड्रोक्लोरिक आम्ल ४२६.२, अधिक सोडियम ॲसिटेट ९१.०, वजा मीठ १२६.५, म्हणजे ॲसेटिक आम्ल ३९०.७. ५.२ ला याने भागले की कळते, ०.१ मोलर (मोल प्रति लिटर) ॲसेटिक आम्लात शंभरांपैकी जेमतेम १.३ रेणू विभागलेले असतात.

उगम आणि वाद : ‘इलेक्ट्रोलाइट’ आणि ‘आयन’ ही नावे मायकेल फॅरेडे यांनी १८३४ च्या सुमारास रूढ केली, आयन, ॲनोड, कॅथोड यांच्या घडणीत विल्यम ह्यूएल यांचा सल्ला होता. फॅरेडे यांच्या मते आयन वीज सोडल्यावर तयार होत. त्याआधी १८०६ मध्ये ग्रोटहुस यांनी रेणू एकमेकांना साखळीसारखे भाग देत जातात अशी कल्पना मांडली होती. क्लाउझिउस यांनी १८५७ मध्ये असे दाखवले की अगदी कमी विद्युतदाबालाही वीज वाहते, तर काही आयन आधीपासून मोकळे असलेच पाहिजेत. मात्र त्यांच्या मते ते थोडेच होते.

विचरण सिद्धांताचे वर्ष म्हणून सहसा १८८७ देतात. स्वान्टे आऱ्हेनिउस यांच्या १८८४ च्या उप्साला येथील प्रबंधात ‘सक्रिय’ आणि ‘निष्क्रिय’ रेणू असा भेद आहे, त्यामुळे काही लेखक १८८४ धरतात. प्रबंधात मुक्त आयनांची भाषा स्पष्ट नाही. ती व्हान्ट हॉफ यांचे परासरण दाबावरील काम पाहिल्यानंतरची आहे. म्हणून १८८७ अधिक योग्य वाटते. प्रबंधाला हलकी श्रेणी मिळाली आणि १९०३ मध्ये त्याच कामासाठी नोबेल पारितोषिक, ही हकिकत सर्वत्र सांगितली जाते.

प्रबल-दुर्बल या भेदाची खरी कसोटी १८८८ च्या ओस्टवाल्ड यांच्या विरलन नियमाने झाली. ॲसेटिक आम्लाला तो छान लागू पडतो : ०.१, ०.०१ आणि ०.००१ मोलर, तिन्ही द्रावणांत विभागलेल्या अंशावरून काढलेला विचरण स्थिरांक १.८ × १०⁻⁵ च्या आसपास राहतो. मिठाला लावला तर हाच ‘स्थिरांक’ अनुक्रमे ०.४६, ०.१४ आणि ०.०४५ येतो, म्हणजे दहापट घसरतो. ही विसंगती पुढे तीसेक वर्षे अडून राहिली. आऱ्हेनिउस यांच्या हिशेबाने ०.१ मोलर द्रावणातले मीठ ८४ टक्केच विभागलेले. बियेरुम यांनी १९०९ मध्ये द्रावणांच्या रंगशोषणावरून उलट सांगितले : प्रबल पदार्थ पूर्णच विभागलेला असतो, वाहकता घटते ती आयन एकमेकांना ओढतात म्हणून.

कोलकात्याचे ज्ञानचंद्र घोष यांनी १९१८ मध्ये पूर्ण विचरण धरून याचे गणित मांडले. द्रावणातही आयन स्फटिकासारख्या जाळीत बसलेले असतात आणि जाळीतून सुटण्याइतकी ऊर्जा असलेलेच वीज वाहतात, अशी त्यांची कल्पना होती. जाळीचे हे गृहीतक टिकले नाही. १९२३ मध्ये डेबाय आणि ह्यूकेल यांनी जाळीऐवजी प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराचे सरासरी ‘वातावरण’ धरले, पुढे ओनसागर यांनी त्यात भर घातली आणि वर्गमुळाच्या सरळ रेषेला आधार मिळाला. परदेशी पुस्तकांत घोष एका तळटिपेत आटोपतात, आपल्याकडे कधी कधी त्यांना सर्व श्रेय दिले जाते. दोन्ही टोके टाळलेली बरी : पूर्ण विचरण गृहीत धरणे बरोबर होते, जाळी चूक होती.

वर्गांच्या कडा : क्षार म्हणजे प्रबल, हा नियम बहुतेक चालतो, मर्क्युरिक क्लोराइड आणि लेड ॲसिटेट हे ठळक अपवाद, पाण्यात ते बरेचसे रेणूरूपातच राहतात. बेरियम सल्फेट किंवा सिल्व्हर क्लोराइड यांची वाहकता नगण्य, पण विरघळतो तेवढा भाग जवळजवळ सगळा आयनरूप असतो. विद्राव्यता कमी आणि पदार्थ दुर्बल या निराळ्या गोष्टी आहेत. वर्ग द्रावकावरही ठरतो : बेंझीनमध्ये हायड्रोजन क्लोराइड वीज वाहत नाही आणि द्रव अमोनियात ॲसेटिक आम्ल प्रबल ठरते.

प्रयोगशाळेतील रीत : ०.७४५५ ग्रॅम सुकवलेले पोटॅशियम क्लोराइड एक लिटर द्रावणात आणले की ०.०१ मोलर प्रमाण-द्रावण मिळते, २५° से. ला त्याची वाहकता १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी. यावरून सेलचा (द्रावणात बुडवायच्या, दोन पट्ट्यांच्या मापनपात्राचा) स्थिरांक लावतात. सेल तपासायच्या द्रावणानेच दोन-तीनदा विसळावी, पट्ट्यांवर बुडबुडा राहू देऊ नये. मापन प्रत्यावर्ती (एसी) विजेने करतात, कारण एकदिश वीज सोडली की पट्ट्यांवर वायू आणि आयन साचून रोध वाढतो. अगदी शुद्ध पाण्याची वाहकता ०.०५५ मायक्रोसीमेन्स असते, पण उघड्या भांड्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून ती एकच्या आसपास जाते. विरल द्रावणांत हा आकडा वजा करावाच लागतो.

सर्वांत जास्त चुका तापमानाने होतात. वरचेच प्रमाण-द्रावण १०° से. ला १०२० दाखवते. निफाडकडे थंडीत सकाळी पारा याहून खाली जातो. तापमान-भरपाई नसलेला मीटर घेऊन विहिरीवर गेले तर पाणी आहे त्यापेक्षा सव्वापट-दीडपट चांगले भासते.

शाळेतील प्रयोग : मीठ ०.५८ ग्रॅम, साखर ३.४२ ग्रॅम, आणि ४ टक्क्यांचे व्हिनेगर १५ मिली. प्रत्येकाचे बॅटरीच्या (क्षार काढलेल्या) पाण्यात १०० मिली द्रावण केले की तिन्ही साधारण ०.१ मोलर होतात. (दुकानात ‘बॅटरीचे पाणी’ असे स्पष्ट मागावे, शेजारच्याच कॅनमध्ये सल्फ्युरिक आम्ल असते.) पेन्सिलीच्या दोन शिशांचे विद्युतअग्र, ९ व्होल्टची बॅटरी आणि मध्ये दिवा अशी मांडणी पुस्तकांत असते. टॉर्चच्या बल्बला पाव अँपिअर लागतो, म्हणून तो मिठालाही पेटत नाही आणि मुले सगळे पदार्थ अनपघटनी ठरवतात. एलईडीला दोन-तीन मिलिअँपिअर पुरतात, म्हणून तो व्हिनेगरलाही झगझगीत पेटतो. दिव्याऐवजी मल्टिमीटर मिलिअँपिअरवर लावून, शिशे तेवढ्याच अंतरावर आणि तेवढ्याच खोलीवर धरून आकडे लिहिले तर तीन वर्ग लख्ख वेगळे दिसतात. साखरेने आकडा हलला तर पाणी नळाचे आहे किंवा चमचा मिठाचा. मिठाच्या भांड्यात क्लोरीनचा वास येतो, खिडकी उघडी असावी. घरातल्या २३० व्होल्टला हे कधीही जोडू नये.

नाशिक परिसरातील वापर : निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्षपट्ट्यात ठिबकचे पाणी आणि खताचे द्रावण ‘इसी’ने (इलेक्ट्रिकल कंडक्टिव्हिटी, म्हणजे वाहकतेने) तपासले जाते. एक ग्रॅम प्रति लिटर १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) खताने इसी सुमारे १.३ डेसीसीमेन्स प्रति मीटर वाढते, तेवढ्याच ००:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) ने सुमारे ०.७, फॉस्फेटचा आयन नायट्रेटपेक्षा हळू सरकतो आणि एका ग्रॅममध्ये मोलही कमी असतात. युरियाने काहीच वाढत नाही. २०० लिटरच्या टाकीत पोतेभर युरिया ढवळूनही मीटर हलला नाही, म्हणजे खत बोगस, असा निष्कर्ष काढला जातो तो चूक आहे. युरिया अनपघटनी आहे. मातीत युरिएज विकराने त्याचे अमोनियम कार्बोनेट झाले की मगच इसी चढते. उलट कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट किंवा फॉस्फेटची खते एकाच टाकीत टाकली की साका बसतो, इसी अपेक्षेपेक्षा कमी येते आणि आठवडाभरात ड्रिपर चोंदतात. मीटर इथे खरे बोलत असतो : आयन द्रावणातून निघून गेलेले असतात.

द्राक्षवेल क्षारांना मध्यम संवेदनशील आहे. संपृक्त मातीच्या अर्काची वाहकता १.५ डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या पुढे गेली की उत्पादन घटू लागते. माती तपासणीच्या अहवालातला आकडा मात्र बहुधा १ : २.५ (२० ग्रॅम माती, ५० मिली पाणी) निवळीचा असतो आणि तो संपृक्त अर्कापेक्षा बराच लहान येतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बाग सुरक्षित समजणे महागात पडते.

साध्या टीडीएस (एकूण विरघळलेले घटक) मीटरच्या आतही वाहकतामापकच असतो. तो आकड्याला ०.५ ते ०.७ ने गुणून दाखवतो. शुद्ध पाण्यात साखर विरघळवली तर त्याच्या लेखी काही नाहीच.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्यात निकेलच्या मुलाम्याच्या टाकीत वर्गांची विभागणी एकाच द्रावणात दिसते. निकेल सल्फेट आणि क्लोराइड वीज वाहतात, दुर्बल बोरिक आम्ल सामू (पीएच) सांभाळते. त्यामुळे बोरिक आम्ल संपत आले तरी वाहकतेवरून कळत नाही, त्याचे अनुमापनच करावे लागते. वाइन उद्योगात याच मापनाचा वेगळा उपयोग आहे. वाइन ०° से. च्या आसपास थंड करून त्यात पोटॅशियम बायटार्ट्रेटची बारीक पूड ढवळतात आणि वाहकता पाहतात. विरघळलेले बायटार्ट्रेट त्या स्फटिकांवर बसू लागले की वाहकता उतरते. घट सुमारे ५ टक्क्यांच्या आत राहिली तर बाटलीत पुढे खडे बसणार नाहीत असे धरण्याचा प्रघात आहे.