शर्यतीच्या गाडीचा सायलेन्सर नेमके काय करतो?

मॉडिफाय केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून पोलिसांनी त्यांच्यावर रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर वरचेवर येत असतात. ती कारवाई आवाजासाठी असते आणि ती योग्यच आहे. परंतु साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगली-मिरज रस्त्यावर अशी गाडी पळवणाऱ्या मुलांशी बोलले तर लक्षात येते की हौसेइतकाच त्यामागे एक समजही असतो. सायलेन्सरमधली जाळी काढली की धूर मोकळा बाहेर पडतो, इंजिनावरचा भार हलका होतो आणि गाडीचा पिकअप वाढतो, असे त्यांना मनापासून वाटते. यामाहा आरएक्स १०० या गाडीबाबत तर हा समज फारच पक्का आहे. १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झालेली, ९८ सीसीच्या इंजिनातून ११ अश्वशक्ती देणारी ही गाडी आपल्या भागात आजही जिवापाड जपली जाते. तिच्या दोन स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत हा समज नेमका उलटा आहे, आणि तो का उलटा आहे हे समजून घेताना मोटारसायकल शर्यतींच्या इतिहासातील सर्वांत सुंदर भौतिकशास्त्र आपल्या हाती लागते.

शक्ती म्हणजे दर सेकंदाला होणारे कार्य, हे आपण शाळेत शिकलो आहोत. शर्यतीत इंजिनाचे आकारमान गटानुसार ठरलेले असते, त्यामुळे ट्यूनिंग करणाऱ्याच्या हाती दोनच गोष्टी उरतात: प्रत्येक स्फोटासाठी सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे अधिक मिश्रण कोंबणे आणि मिनिटाला होणाऱ्या स्फोटांची संख्या वाढवणे. दोन स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो, ही त्याची जमेची बाजू. मिश्रण गळून जाते, ही पडती बाजू.

ही गळती कशी होते ते पाहू. या इंजिनाला चार स्ट्रोक इंजिनासारखे वरचे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या कापलेल्या असतात आणि वरखाली होणारा पिस्टनच त्या उघडतो व झाकतो. पिस्टन खाली येताना आधी जळालेला वायू बाहेर सोडणारी एक्झॉस्टची खिडकी उघडते आणि नंतर ताज्या मिश्रणाच्या खिडक्या उघडतात. वर जाताना क्रम उलटतो: ताज्या मिश्रणाच्या खिडक्या आधी बंद होतात आणि एक्झॉस्टची खिडकी मात्र काही काळ उघडीच राहते. आत आलेले काही ताजे पेट्रोल-हवा मिश्रण त्या काळात न जळताच बाहेर निसटते. ही खिडकी बंद करणारे दार बसवणे यांत्रिकदृष्ट्या किचकट आहे. शर्यतीच्या इंजिनात हे दार आवाजाचे असते.

एक्झॉस्टची खिडकी उघडते त्या क्षणी दाबाचा एक जोरदार तडाखा नळीत शिरतो. जळालेला वायू नळीतून तुलनेने सावकाश सरकतो, पण दाबाची ही लहर ध्वनीच्या वेगाने पुढे धावते. नववीच्या विज्ञानातील ध्वनीच्या पाठात संपीडन, विरलन आणि परावर्तन हे शब्द आलेले आहेत. इथे तेवढेच पुरेसे आहेत. नळी रुंदावत गेली तर संपीडनाची लहर विरलन होऊन परत येते, आणि नळी अरुंद होत गेली तर ती संपीडन म्हणूनच परत येते. शर्यतीच्या गाडीला बसवलेला, मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे निमुळता असा एक्स्पान्शन चेंबर या दोन नियमांवरच बेतलेला असतो. त्याच्या रुंदावणाऱ्या भागातून परतलेले विरलन सिलिंडरमधील उरलासुरला धूर ओढून घेते आणि त्यामागोमाग ताजे मिश्रणही, थोडे नळीत उतरेपर्यंत, खेचते. मग चेंबरच्या निमुळत्या टोकावर आपटून परतलेले संपीडन येऊन पोहोचते आणि नळीत उतरलेले हे मिश्रण पुन्हा आत ढकलते; खचाखच भरलेल्या एसटीच्या दारात लोंबकळणाऱ्यांना कंडक्टरने आत रेटावे आणि त्याच क्षणी दार लावून घ्यावे, तसे पिस्टन लगेच खिडकी बंद करतो. एकही फिरता भाग न वापरता सिलिंडरमध्ये नेहमीपेक्षा जास्त मिश्रण भरले जाते.

यात सारे महत्त्व वेळेला आहे. मिनिटाला ७,५०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला ८ मिलिसेकंद. एक्झॉस्टची खिडकी ढोबळमानाने अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंद उघडी राहते. सुमारे ३५० अंश सेल्सियस तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ४ मिलिसेकंदांत लहर २ मीटर जाते: १ मीटर जाताना आणि १ मीटर येताना. मिनिटाला १२,००० फेऱ्यांसाठी हेच गणित केले तर परावर्तनाची जागा ६० ते ६५ सेंटीमीटरवर आणावी लागते. फेऱ्या कमी असतील तर लहर फार लवकर परतून धूरच आत ढकलते, आणि जास्त असतील तर ती बंद खिडकीवर येऊन आपटते. ट्यून केलेली दोन स्ट्रोक गाडी ठरावीक फेऱ्यांना पोहोचताच एकदम उसळी घेते, त्याचे कारण हेच. ध्वनीचा वेग केल्व्हिनमधील तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, याचाही ट्यूनर उपयोग करून घेतात. वरच्या फेऱ्यांना ठिणगी मुद्दाम उशिरा पाडली की वायू अधिक तापलेला बाहेर पडतो. तो ६० अंशांनी जास्त तापला तर लहर सुमारे ५ टक्के वेगाने धावते आणि १२,००० फेऱ्यांना जुळलेली तीच नळी १२,६०० फेऱ्यांनाही जुळते. लोखंडाची नळी जणू आखूड होते. मला स्वतःला या युक्तीइतके देखणे अभियांत्रिकी क्वचितच कुठे आढळले आहे.

हे शास्त्र शर्यतीत सिद्ध करण्याचे मोठे श्रेय पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीचे अभियंते वॉल्टर काडेन यांना जाते. १९६१ मध्ये त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. म्हणजे इंजिनाच्या आकारमानाच्या लिटरमागे २०० अश्वशक्ती, आणि तीही हवा दाबून आत भरणाऱ्या सुपरचार्जरशिवाय. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचा आघाडीचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे निघून गेला, काडेन यांचे ज्ञान घेऊन सुझुकीकडे पोहोचला आणि १९६२ मध्ये सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर विश्वविजेता ठरला.

रस्त्यावरच्या दोन स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमध्येही ही रचना सौम्य रूपात असते. तो कापला, भोके पाडली किंवा आतले भाग काढून टाकले की परतणारी लहर बिघडते आणि ताजे मिश्रण फुकट बाहेर जाते. आवाज वाढतो, त्यामुळे गाडी जोरात पळते आहे असे वाटते, इतकेच. पेट्रोलच्या नळीवर चुंबक बांधणे आणि टाकीत डांबर गोळ्या टाकणे हे उपायही याच पंक्तीत बसणारे आहेत. पेट्रोलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा ज्वलन सुधारण्याइतका काहीही परिणाम होत नाही. टाकीत विरघळलेली डांबर गोळी पेट्रोल उडून गेल्यावर, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बुरेटरच्या बारीक छिद्रात स्फटिकरूपाने बसण्याचा धोका मात्र खरा आहे.

खरा एक्स्पान्शन चेंबर बसवला तरी काम तिथे संपत नाही. सिलिंडरमध्ये हवा जास्त भरू लागली की पेट्रोलही त्या प्रमाणात वाढले पाहिजे, म्हणून मोठा मेन जेट, म्हणजे कार्बुरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र, लागतो. तो न बदलता गाडी फुल थ्रॉटलने पळवली तर मिश्रण पातळ होऊन तापमान वाढते, आणि पिस्टन सीज होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो, किंवा त्याच्या माथ्याला भोक पडते. जाणता मेस्त्री प्लग काढून त्याचा रंग पाहतो तो यासाठीच: तपकिरी असेल तर ठीक, काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर कमी. आपल्या भागात त्यात उंचीचीही भर पडते. महाबळेश्वर साताऱ्याहून सुमारे ६०० मीटर उंच असल्यामुळे तिथली हवा साधारण ६ टक्के विरळ असते. साताऱ्यात जुळवलेली कार्बुरेटरची गाडी वर नेली तर तिला पेट्रोल जास्त होते. ती मंदावते, प्लग काळा पडतो, पण इंजिनाला इजा होत नाही. वर जुळवलेली गाडी जेट न बदलता खाली आणली आणि वाढे फाट्याच्या पुढच्या सरळ महामार्गावर ताणली, तर हवा जास्त आणि पेट्रोल तेवढेच, म्हणजे पिस्टन सीज होण्याची परिस्थिती तयार झालेली असते.