गोव्याच्या खाणींतलं पाणी: पार्श्वभूमी

डिचोलीतला लिलावानंतरचा पहिला खाण ब्लॉक एप्रिल 2024 मध्ये सुरू झाला. शेतं, तळी आणि देवळांचा परिसर खाणीच्या लीजमधून (भाडेपट्ट्यातून) वगळा, ही डिचोली तालुक्यातल्या मुळगावची मागणी आता पुन्हा ऐकू येते. बातम्यांत तिच्याकडे नव्या खाणींना होणारा विरोध म्हणून पाहिलं जातं. प्रत्यक्षात हे भांडण जुनं आहे, आणि त्यात लोहखनिजापेक्षा पाण्याचा वाटा मोठा आहे.

पोर्तुगीज काळातल्या खाण सवलतींना, म्हणजे खाणकामाच्या हक्कांना, मुदत नव्हती. डोंगरमाथ्यावर हातांनी खोदाई चालायची तोवर पाण्याचा विषय फारसा निघालाही नसेल. पुढे यंत्रं आली, जपानला निर्यात वाढली आणि खनिज धुऊन त्यातली माती व सिलिका काढणारे प्लांट उभे राहिले. 1987 च्या कायद्याने सवलतींच्या लीज झाल्या, त्याही 1961 पासून झाल्या असं मानून. त्या कायद्यावर वाद झाले ते मालकी आणि रॉयल्टीचे.

खरी गोम भूगर्भात आहे. वरच्या जांभ्या दगडात पावसाचं पाणी मुरतं, त्यावर गावच्या विहिरी आणि झरी चालतात. त्याखाली चिकणमाती आणि तिच्याखाली भुसभुशीत, पावडरसारखं खनिज. हे खनिज स्वतःच पाणी धरून ठेवतं. म्हणजे जे खणून बोटीत भरायचं, तेच भूजलाचं कोठार. खोदाई पाण्याच्या पातळीखाली गेली की चहूबाजूंचं पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं. काही खाणींचा तळ तर समुद्रसपाटीच्याही खाली गेला. खड्डा कोरडा ठेवायला पंप लागतात, पंप चालले की आसपासच्या विहिरी उतरतात, आणि उपसलेलं गढूळ पाणी नाल्यातून कोणाच्या तरी शेतात शिरतं. त्यात डंपांची, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगांची भर. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन टाकाऊ माती निघते, आणि या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. उन्हाळ्यात विहीर आटलेली आणि पावसाळ्यात शेत लाल गाळाखाली, असा दुहेरी मार एकाच कुटुंबाला बसला. वायंगण, म्हणजे रब्बीच्या भाताला पावसाळ्यानंतरचं पाणी लागतं, कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) झरीचं. त्यामुळे पहिली झळ लागली ती त्यांना. सांगे भागात साळावली धरणाच्या पाणलोटातही खाणी होत्या, आणि जलाशयातल्या मँगनीजची चर्चा अधूनमधून होत राहिली.

उपाय झालेच नाहीत असं नाही. खनिज धुतलेल्या पाण्यातला गाळ साठवायला टेलिंग पाँड बांधले, डंपांवर अकेशिया लावली (त्या झाडांनी माती किती धरली हा वेगळाच विषय), काही गावांत टँकर आले. शेतकऱ्यांच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा उपाय म्हणजे खड्ड्यातलं पाणी शेताला सोडणं. खाणीने झरी आटवली, मग खाणीनेच पाणी द्यावं. हिशेब सरळ वाटतो, पण त्यामुळे गावाचं पाणी पंपावर आणि पंप खाणीवर अवलंबून राहिला.

चीनची मागणी वाढली तशी पूर्वी फेकून दिलेल्या हलक्या प्रतीच्या खनिजालाही गिऱ्हाईक मिळालं आणि खड्डे झपाट्याने खोल गेले. डिचोली तालुक्यातल्या शिरगावच्या पाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात पोचला. 2012 मध्ये खाणी थांबल्या. 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. ती मर्यादा खनिजाची होती. खड्डा किती खोल न्यायचा, पाणी किती उपसायचं हे टनांत मोजता येत नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये 88 लीजचं नूतनीकरण रद्द झालं आणि 16 मार्चपासून काम पुन्हा बंद पडलं.

खाण बंद झाली की पाणी परत येतं, असा सर्वसाधारण समज. ते आलंही, पण खड्ड्यात. झरीचं आणि खड्ड्याचं पाणी एक नसतं. झर उतारावरून आपोआप शेतात यायची, खड्डा शेताच्या पातळीखाली असतो, तिथून पाणी उपसूनच आणावं लागतं. आणि उपसणारा कोण? सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ल्याच्या शेतकऱ्यांना हा प्रश्न घेऊन न्यायालयात जावं लागलं, कारण खाण नाही तर पंप नाही. दुसरीकडे पावसाळ्यात हेच खड्डे तुडुंब भरतात आणि कठडा फुटण्याच्या भीतीने खालच्या वाड्या जाग्या राहतात.

या पार्श्वभूमीवर सर्वांत वादग्रस्त ठरावा असा निर्णय मे 2022 चा होता. त्या 88 लीजधारकांनी यंत्रसामग्रीसह जागा सोडावी, असा आदेश निघाला. मुदत जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे पावसाच्या तोंडावर. आदेश कायद्याने योग्य होता. लीज संपल्यावर ताबा ठेवण्याचं कारण नव्हतं, आणि पुढे उच्च न्यायालयातही तो टिकला. चर्चा झाली ती लिलावाचा मार्ग मोकळा होण्याची आणि जुन्या कंपन्यांच्या हक्कांची. पंप, डंपांचे बांध आणि भरलेले खड्डे उद्यापासून कोणाच्या माथी, हा प्रश्न मागे पडला. सरकारने गाळ उपसण्याची आणि देखरेखीची कामं हाती घेतली, हे मान्य. पण अनेक वर्षं सलग चालणाऱ्या पंपाची जागा पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीने भरून निघत नाही.

डिसेंबर 2022 मध्ये पहिल्या ब्लॉकांचा लिलाव झाला. तोवर खड्ड्यांतल्या पाण्याकडे टंचाईच्या काळातला साठा म्हणून पाहिलं जाऊ लागलं होतं. ते नदीत सोडून पिण्याच्या पाण्याच्या प्रकल्पांना पुरवायचा विचार उन्हाळा आला की पुढे येतो. आता नव्या लीजधारकाला खनिजापर्यंत पोचायचं तर आधी तेच पाणी उपसावं लागणार. शेताला ते जानेवारी ते मार्चमध्ये हवं, पिण्यासाठी एप्रिल-मेमध्ये, आणि खाणीला पावसाळा सरताच खड्डा रिकामा हवा.