म्यान घट्ट असूनही चाकू का निसटतो?

म्यान जितकं लांब आणि घट्ट तितका चाकू पक्का, असं आठवडी बाजारातला विकणारा सांगतो, लोहारही सांगतो. मोहफुलं वेचायला निघालेला माणूस त्यावर भरवसा ठेवून चाकू कमरेला लावतो, आणि पांदणीतून गाडी आदळत-उसळत जंगलाच्या कडेला पोचेपर्यंत कमरेला नुसतं म्यान उरतं. घट्टपणाबद्दलचा आपला समजच कुठेतरी चुकतो.

आधी लांबीचं बघू. घर्षणाचं बळ ठरतं ते दोन पृष्ठभाग एकमेकांवर किती जोराने दाबले गेलेत यावरून. त्यांचं किती क्षेत्रफळ एकमेकांना टेकलंय याचा त्यात जवळजवळ संबंध नसतो. आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे १६९९ मध्ये मांडलं, कुलों या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ मध्ये सविस्तर तपासलं; लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत तर ते आमोंतोंच्याही दोनेकशे वर्षं आधी होतं. तेव्हा वीतभराचं म्यान दीड वीत केलं म्हणून पकड दीडपट होत नाही.

मग दाब येतो कुठून? चाकू आत शिरताना म्यानाच्या भिंती किंचित फाकतात आणि परत मिटू बघतात. त्या मिटू बघण्यातच पकड असते. भिंतीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट. शिलाई पात्यापासून जितकी दूर, तितकी भिंत लेची, आणि तिथेही हिशेब घनाचाच. म्हणून जुनं चामडी म्यान सैल झालं की नवं घेण्याआधी तोंडाजवळ, पात्याला लागून, एक जादा टाका किंवा रिव्हेट मारून घ्या. दहा रुपयांच्या कामात फरक कळतो.

पण ही पकड नुसत्या घर्षणाची आहे आणि खरी भानगड इथेच आहे. चाकू २०० ग्रॅमचा धरा, म्हणजे वजन साधारण २ न्यूटन (न्यूटन हे बळाचं एकक). खड्ड्यात गाडी आदळली की कमरेचं म्यान वर उसळून पट्ट्याला झटक्यात अडतं, चाकू मात्र वरच जाऊ बघतो आणि त्याला बाहेर ढकलणारं बळ क्षणभर वजनाच्या तिप्पट-चौपट होऊ शकतं. तेवढ्याने तो सबंध बाहेर येत नाही, केसभर सरकतो. पातं टोकाकडे निमुळतं असतं, त्यामुळे केसभर सरकला की भिंती तेवढ्या कमी फाकतात, दाब घटतो, पुढच्या धक्क्याला सरकणं आणखी सोपं होतं. घर्षण चाकूला अडवतं, परत जागेवर आणत नाही. असे शेकडो धक्के बसले की काम तमाम.

यावरचा उपाय मला फार आवडतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. चाकूवर एक फुगवटा हवा आणि त्याच्या लगेच वर म्यानाच्या तोंडाला आत वळलेला ओठ. चाकू पूर्ण बसला की फुगवटा ओठाखाली जातो आणि भिंती मोकळ्या होतात. आता बाहेर यायचं तर फुगवट्याला आधी ओठ फाकवावा लागतो. धक्का त्यापेक्षा लहान असेल तर ओठाचा उतारच चाकूला परत खाली ढकलतो. पांदणीच्या चाकोरीत सापडलेलं बंडीचं चाक असंच कडेवर चढू बघतं आणि घरंगळून पुन्हा आत येतं. भौतिकीच्या भाषेत ही ऊर्जेची दरी झाली.

किती जोर लागेल ते उताराच्या कोनावर ठरतं. भिंतीचा दाब N, उताराचा कोन θ, आणि घर्षणगुणांक (घर्षण दाबाच्या किती पट, तो आकडा) μ असेल तर ज्याची टॅन्जंट μ येते तो कोन φ; लागणारी ओढ म्हणजे N गुणिले टॅन (θ+φ). μ ०.३ धरला की φ येतो सुमारे १७ अंश. मग ३० अंशांच्या उताराला ओढ दाबाच्या १.०६ पट, ४५ अंशांना जवळपास १.९ पट, ६० अंशांना ४.२ पट. त्रिकोणमिती नको असेल त्यांनी एवढंच बघावं की उतार थोडा उभा केला की आकडा एकदम उसळतो आणि ७३ अंशांच्या पुढे गणिताने चाकू निघतच नाही. उलट आत घालतानाची बाजू १५ अंशांची ठेवली तर जोर दाबाच्या ०.६ पटच लागतो. घालायला हलकं आणि काढायला जड, असं एकाच ओठात जमतं.

पकड पात्यावरच हवी असंही नाही. फिनलंडच्या पुक्को चाकूचं खोल चामडी म्यान पात्याऐवजी मूठ धरतं. जपानी तलवारीत पात्याच्या बुडाशी हाबाकी नावाची पाचर असते, तीच म्यानाच्या तोंडात रुतते. पातं आत मोकळं राहतं आणि धार लाकडाला घासत नाही. आपल्याकडच्या लोहाराच्या चाकूला मुठीच्या तोंडाशी जे कडं असतं, तेही फुगवट्याचं काम छान करतं.

ऑनलाइन 'मिलिटरी ग्रेड' म्हणून विकली जाणारी म्यानं बहुधा कायडेक्सची असतात, आणि कायडेक्स म्हणजे ॲक्रिलिक मिसळलेलं पीव्हीसी. वावरात पडलेल्या पाइपच्या तुकड्याचा तो नातलगच. पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे उकळतं पाणी पुरतं. चाकूला जाड कागद गुंडाळा, मऊ झालेल्या तुकड्यात घाला, दोन फळ्यांमध्ये जुनी ट्यूब ठेवून दाबा आणि कड्याच्या लगेच वर हातमोजा घालून अंगठ्याने ओठ वळवा. चुलीच्या जाळावर मात्र धरू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा जहाल धूर निघतो. बुडाला पाणी निघायला छिद्र ठेवा.

चामड्याचं गणित ऋतूवर चालतं. मे महिन्यात कडक, श्रावणात लेचं, कारण ओल धरली की चामड्याचा ताठपणा उतरतो. दसऱ्याला हत्यारांबरोबर म्यानालाही तेल चोपडणारे पकड स्वतःच घालवतात. तेल पात्याला लावा आणि चामड्याला मधमाशांचं मेण. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, गार झालं की भिंत ताठ करतं.

   

पकड किती हवी ते भंगारवाल्याकडच्या हुकाच्या स्प्रिंगकाट्याने मोजता येतं. म्यान बांधा, मूठ काट्याला अडकवा, सावकाश ओढा. २०० ग्रॅमच्या चाकूला दीड ते दोन किलोवर सुटणारं म्यान मी चांगलं समजतो: धक्क्याच्या (६०० ते ८०० ग्रॅम) साधारण दुप्पट किंवा थोडं जास्त, तरी एका हाताने निघणारं. उन्हाळ्यानंतर पुन्हा मोजा. पीव्हीसी सतत ताणाखाली राहिलं तर हळूहळू ढिलं पडतं, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत तर लवकरच. ओठ सैल झाला तर फक्त तेवढ्याच जागी गरम पाणी ओता. अख्खं म्यान उकळत्या पाण्यात टाकलंत तर ते पुन्हा गोल पाइप व्हायला लागेल.